रूटर आणि मुक्त फर्मवेअर

घराच्या कोनाड्यांत लुकलुकणारी रूटरची पेटी हा वस्तुतः एक लहानसा संगणकच होय. वीज गेली तरी न पुसणाऱ्या त्याच्या फ्लॅश स्मृतींत जो आज्ञासंच लिहिलेला असतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. तो बदलण्याचा अधिकार पेटी विकत घेणाऱ्यास आहे कीं नाहीं, हा प्रश्न २००३ सालीं ऐरणीवर आला.

अमेरिकेंतील लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या रूटरांत लिनक्स वापरलेलें आहे, असें कांहीं जाणत्यांच्या ध्यानांत आलें. लिनक्सच्या परवान्याची अट अशी कीं, जो तें घालून यंत्र विकील त्यानें मूळ लिखाणही ग्राहकास दिलें पाहिजे. कंपनीनें तें त्याच वर्षीं खुलें केलें. आणि त्या पायावर २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नांवांत त्या रूटरचें नांव अद्याप आहे.

परंतु मूळ लिखाण एक असलें तरी तें हरएक यंत्रांत तसेंच्या तसें चालत नाहीं. मिप्स, एआरएम, एक्स८६ या प्रोसेसरांच्या भाषाच भिन्न. शिवाय कोणता दिवा कोणत्या तारेस जोडलेला आहे, फ्लॅशचे भाग कसे पाडले आहेत, हें प्रत्येक नमुन्यांत निराळें. म्हणून एकेका नमुन्यासाठीं स्वतंत्र प्रत तयार करतात. भलतीच प्रत घातली तर यंत्र सुरूच होत नाहीं. जाणत्यांच्या बोलींत, त्याची वीट होते!

आणि नुसत्या नांवावर विसंबून चालत नाहीं. डब्ल्यूआरटी५४जीच्या चौथ्या आवृत्तींत ४ मेगाबाईट फ्लॅश व १६ मेगाबाईट कार्यस्मृति होती. २००५ सालच्या पांचव्या आवृत्तींत दोन्ही निम्म्यावर आलीं आणि लिनक्सही गेलें. पेटी बाहेरून जवळजवळ तीच; भेद काय तो तळाच्या चिठ्ठीवरील आंकड्याचा. तेव्हां ती चिठ्ठी आधीं वाचावी, मग हात घालावा. जुन्या घडणीचा रूटर हवा असणाऱ्यांसाठीं कंपनीनें त्याच वर्षीं डब्ल्यूआरटी५४जीएल काढला.

बिनतारी चिपांची अडचण निराळीच. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांची माहिती खुली नसल्यानें तेथें तारेचें जाळें चालतें, पण बिनतारी भाग लंगडतो.

मुक्त फर्मवेअरमुळें, कंपनीनें लक्ष सोडलेल्या यंत्रासही सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळूं शकतात. पण लिनक्स वाढत गेलें, आणि ४ मेगाबाईटची जागा अपुरी पडूं लागली. ज्या यंत्रानें प्रकल्पास नांव दिलें, त्यासच आज त्याची नवी आवृत्ति मिळत नाहीं.

२०२४ सालीं प्रकल्पानें स्वतःचाच रूटर, ओपनडब्ल्यूआरटी वन, विक्रीस आणला. त्यांत दोन स्वतंत्र फ्लॅश आहेत. एकींतील फर्मवेअर बिघडलें, तर कळ फिरवून दुसरीवरून यंत्र पुन्हां उठवितां येतें.