रेवस ते रेडी: खाड्या, सडे आणि सायकल

नकाशात कोकणची किनारपट्टी सरळ खाली उतरलेली दिसते. समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता सपाटच असणार, असं धरून पुण्या-मुंबईचे सायकलस्वार दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर आखून निघतात आणि दुसऱ्या दिवशीच त्यांचा हिशोब कोलमडतो. देशावर सव्वाशे किलोमीटर सहज कापणारा गडी इथे सत्तरीतच दमतो. यात त्याचा दोष नाही, ही सगळी या जमिनीची घडण आहे.

सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्र गाठतात. शेवटच्या टप्प्यात भरतीचं पाणी त्यांच्यात मैलोनमैल आत शिरतं आणि खाडी तयार होते. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे शंभर-दीडशे मीटर उंचीचं उघडं कातळपठार असतं. त्याच्या सोंडा समुद्रात घुसतात आणि दोन सोंडांच्या बेचक्यात पुळण साचते. पुळणीमागे विहिरींना गोडं पाणी लागतं, म्हणून नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गावं तिथेच वसली. एका गावातून शेजारच्या गावात जायचं तर सडा चढून उतरावा लागतो, नाहीतर खाडी ओलांडावी लागते. तिसरी वाट क्वचितच मिळते. त्यामुळे कोकणातला किनाऱ्याचा रस्ता दिवसभरात एखाद्या मोठ्या घाटाइतका चढ सहज करायला लावतो, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी, दम खायला सलग सपाटी न देता.

हा रस्ता म्हणजे रेवस-रेडी सागरी महामार्ग. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी त्याची कल्पना जोडलेली आहे. ‘महामार्ग’ हे नाव मात्र त्याला अजून लागू होत नाही. कुठे तो चांगला दुपदरी आहे, कुठे एसटी समोर आली की सायकल गडग्याला टेकवावी लागते, आणि मोठ्या खाड्यांपाशी तो चक्क धक्क्यावर येऊन संपतो. पुढे बोट. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर ट्रक आणि लक्झरी बसच्या वाऱ्यात सायकल हाकण्यात कसलाही आनंद नाही. कोकण सायकलवरून बघायचं तर याच तुटक रस्त्यानं.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रेवसला किंवा मांडव्याला उतरलं की सुरुवात होते. अलिबागपर्यंतचा पट्टा शनिवार-रविवारी गाड्यांनी भरलेला असतो, तो पहाटे उरकावा. रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडल्यावर कोर्लई लागतं. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली काही घरांत आजही बोलली जाते. पुढे काशिद, मुरूड आणि आगरदांडा. आगरदांड्याहून दिघीला जाताना पहिली जंगल जेटी भेटते. मोटारी, दुचाक्या, माणसं, क्वचित एखादं जनावर, सगळं एका लोखंडी तराफ्यावर घेणाऱ्या या फेरीबोटीला किनाऱ्यावर सगळे जंगल जेटीच म्हणतात. सायकलचं तिकीट किरकोळ असतं आणि तिला जागा नेहमी मिळते.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा मला साऱ्या रायगडात सर्वांत प्रिय आहे. शेखाडी, कोंडविल, आरावी अशी गावं घेत रस्ता पाण्याला इतका लगटून जातो की भरतीच्या वेळी खडकांवरचे तुषार अंगावर येतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच भागात जमिनीवर आलं आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा सुपारीच्या बाजारात नावाजलेला आहे, आणि पोफळ लावल्यावर हाती उत्पन्न यायला बरीच वर्षं जातात. मोटारीतून हिरवी भिंत तेवढी दिसते. सायकलवरून मात्र जुन्या उंच झाडांमधल्या रिकाम्या जागा आणि त्यांत लावलेली ठेंगणी रोपं वेगवेगळी ओळखू येतात. वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पाणी मागायला थांबलात तर ती दुपार सांगणारं माणूस तिथे असतंच.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीला जाणारी बोट सावित्री ओलांडते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते आणि रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. १७५५ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. जवळचं वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. आता ते ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांसाठी जास्त ओळखलं जातं. हिवाळ्याअखेर जाणार असाल तर इथे मुक्काम ठेवा.

केळशीपासून दाभोळपर्यंतचे दोन दिवस या सगळ्या वाटेचं सार आहेत. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, दापोलीचं मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे ही नावं नुसती ओळीनं म्हटली तरी चढ-उतार आठवतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ आहे. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर मासळीचा लिलाव चालतो, तो बघायला सायकल लावून तासभर द्यावा. इथले चढ लांब नाहीत, पण तीव्र आहेत. आठ-दहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर रस्त्यात आठ-दहा मीटर वर नेणारा चढ पुन्हा पुन्हा येतो. म्हणून मी आग्रहानं सांगतो, पुढे ३४ दातांचं आणि मागेही तितक्याच दातांचं चक्र असल्याशिवाय सामान लादून इथे येऊ नका. शर्यतीच्या सायकलचे जड गिअर या घाट्यांमध्ये गुडघे मोडतात. टायर अरुंद नकोत, ३२ मिलिमीटरचे उत्तम. उताराला जांभ्याची लाल माती आणि बारीक खडी वळणावर नेमकी साचलेली असते, म्हणून ब्रेक पॅड नवे असावेत आणि ब्रेक वळणाच्या आधी लागावा, वळणात नव्हे.

दाभोळहून समोर धोपावे दिसतं. मधे वाशिष्ठीची खाडी. २००३ साली इथे वाहनं नेणारी फेरीबोट सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून जास्त वळसा होता. दापोली आणि गुहागर हे शेजारी तालुके त्या बोटीमुळे खऱ्या अर्थानं शेजारी झाले. याच वाशिष्ठीत कोयनेचं पाणीही येतं. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज तयार होते आणि मग ते या नदीला मिळतं. कृष्णेच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी इथे अरबी समुद्राच्या भरतीत मिसळतं. बोटीच्या कठड्याला सायकल टेकवून खाली बघताना मला हे दर वेळी आठवतं.

पुढे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. तवसाळहून जयगडची बोट. जयगडमधून बंदराची अवजड वाहतूक निवळीकडे जाते, ती वाट टाळावी आणि मालगुंडकडे वळावं. केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये मालगुंडला झाला, त्यांचं स्मारक वाटेतच आहे. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा रस्ता पर्यटकांना पाठ झालेला आहे, त्यावर मी वेगळं लिहीत नाही.

रत्नागिरीच्या दक्षिणेला पूल जास्त आणि बोटी कमी. भाट्ये, पावस, पूर्णगड ओलांडून राजापूर तालुक्यात शिरलं की सडेच सडे. बाहेरचा माणूस म्हणेल, इथे काय आहे, उघडा कातळ तर आहे. पण थांबा. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती जांभ्यात कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. अशी कातळशिल्पं या भागातल्या कितीतरी सड्यांवर आहेत. त्यांपैकी निवडक ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणारी माणसं कोण होती याचा शोध अजून चालू आहे. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत पिवळं पडतं, दुपारी कातळ तापतो आणि सावली नावाला नसते. सडा सकाळी दहाच्या आत पार करावा आणि पाण्याच्या दोन्ही बाटल्या खालच्या गावातच भराव्यात.

वाऱ्याचंही गणित आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, मंद आणि गार. अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो बहुधा वायव्येकडून. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर तो येतो, म्हणून रेवसहून रेडीकडे जावं, उलट नको. खाऱ्या हवेत चेन दोन दिवसांत गंजते, तेव्हा रोज संध्याकाळी ती पुसून तेलाचे थेंब द्यावेत. जेवणाची चिंता नको. गावोगावी घरगुती खानावळी आहेत, फक्त आधी फोन करून पानं सांगून ठेवावीत. सकाळी घावन, चढ संपल्यावर कोकम सरबत आणि दुपारी माशाचं कालवण-भात यावर कितीही सायकल चालते.

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण असं सिंधुदुर्गात उतरताना चढ थोडे मवाळ होतात. वेंगुर्ल्यानंतर शिरोडा येतं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिकवत होते, आणि १९३० मध्ये इथल्याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं रस्त्यालगत आहेत. शिरोड्यापुढे रेडी आणि रेडीपुढे गोव्यातलं तेरेखोल. परतीला सावंतवाडी रोड स्थानक गाठून सायकल सामानाच्या डब्यात चढवता येते. त्यासाठी पार्सल कार्यालयात वेळेआधी जाऊन नोंद करावी.

आता या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतलं आहे. पूल हवेतच. रात्री बाळंतिणीला घेऊन धक्क्यावर पोहोचलेल्या घराला, सकाळी बाजार गाठणाऱ्या कोळणीला बोटीच्या वेळापत्रकावर का अवलंबून ठेवायचं? पण पूल झाले की मुंबई-गोवा मार्गाची बरीचशी वाहतूक इकडे वळेल. ज्या रस्त्यावर आज शाळेतली मुलं तिघं तिघं आडवी सायकली चालवतात, तिथे ताशी ऐंशीनं गाड्या येतील. म्हणून पुलांच्या दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी कठड्यानं वेगळी केलेली पट्टी असलीच पाहिजे. पूल उभा राहिल्यावर ती जोडणं फार अवघड होतं, ती आराखड्यातच मागावी लागते. मोठा रस्ता गावाबाहेरून नेताना केळशी-आंजर्ल्यासारख्या गावांमधला जुना रस्ता दुरुस्त करत राहायला हवा. आणि दाभोळ-धोपाव्याची बोट, निदान दिवसाच्या मोजक्या फेऱ्यांपुरती, चालू राहावी. ग्रामसभांमध्ये हे विषय आत्ताच यायला हवेत, आणि या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वारानं मुक्कामाच्या गावात सरपंचांना भेटून ते सांगायला हवेत.