शेततळ्यासाठी गळाची काठी निवडताना

राहुरी परिसरातील शेततळ्यांत कटला, रोहू व मृगळ हे मासे पाळता येतात. माशांची वाढ पाहण्यासाठी किंवा घरापुरते चार मासे काढण्यासाठी दर वेळी जाळे ओढण्याची गरज नसते, गळ पुरेसा होतो. मात्र काठी विचारपूर्वक निवडावी.

१) बांबू : मानवेल भरीव व चिवट असल्याने उत्तम. तीन वर्षांहून जुना, सरळ, कीड नसलेला बांबू सावलीत वाळवून त्यास जवसाचे तेल लावावे. लांबी साधारण ३ मीटर ठेवावी.

२) फायबर ग्लास : थोडी जड, पण टिकाऊ. रीळ बसविता येते.

३) कार्बन : हलकी, परंतु महाग व ठिसूळ. शिवाय वीजवाहक.

पारख : बुडखा धरून शेंडा हलकेच वाकवावा. सोडताच काठी सरळ झाली पाहिजे. शेंडा लवचीक असल्यास माशाचा हिसका काठी सोसते व तंगूस तुटत नाही.

कटला वरच्या, रोहू मधल्या, तर मृगळ तळाच्या थरात चरतो. अस्तराच्या तळ्यात गळ तळापासून वीतभर वर ठेवावा, अन्यथा प्लॅस्टिकला छिद्र पडते.

दक्षता : वीजतारांखाली कोणतीही काठी उभी करू नये, ओला बांबूही वीज वाहतो. ओले अस्तर निसरडे असते, पडलेल्यास वर चढता येत नाही. म्हणून खुंटीला बांधलेला दोर कायम तळ्यात सोडून ठेवावा आणि मुलांना एकटे पाठवू नये. मासा पुन्हा मिळेल, माणूस मिळत नाही.