मॉनिटरवरचा आकडा सुधारला, म्हणजे रुग्ण सुधारला?

‘व्हेंटिलेटर लावलाय’ हे शब्द कानावर पडले की आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा निम्मा धीर सुटतो. एकदा नळी घातली की माणूस परत येत नाही, अशी समजूत घरोघरी आहे. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, हे खरं. फुप्फुसं सावरेपर्यंत तो श्वास चालू ठेवतो आणि आजार आटोक्यात आला की काढताही येतो. पण तो कसा चालवायचा, हे कळायला मोठं संशोधन करावं लागलं.

‘एआरडीएस’ या आजारात न्यूमोनिया, जंतुसंसर्ग अशा कारणांनी दोन्ही फुप्फुसं सुजतात, त्यांत पाणी भरतं. पूर्वी अशा रुग्णांना दर श्वासाला भरपूर हवा देत. अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरची एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे एका गटाला १२ मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला ६. पहिल्या काही दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटाचा ऑक्सिजन अधिक चांगला होता. नुसता मॉनिटर बघणाऱ्याने तोच उपचार निवडला असता. पण त्या गटातले ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासाच्या गटातले ३१ टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. सुजलेलं फुप्फुस ताणलं की त्याला आणखी इजा होते, आणि ती ऑक्सिजनच्या आकड्यात दिसत नाही. या गंभीर आजारातही लहान श्वासाच्या गटातले दोनतृतीयांशांहून अधिक रुग्ण वाचले, हेही लक्षात घ्यावं.

‘शुगर १६० आहे, डॉक्टर काहीच का करत नाहीत?’ हा प्रश्नही नेहमीचाच. २००९च्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत आयसीयूतले सहा हजारांवर रुग्ण होते. शुगर ८१ ते १०८मध्ये आवळून ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू झाले. १८०पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. रक्ताच्या पिशवीचंही तसंच. रक्तस्राव चालू नसेल, तर बहुतेक रुग्णांना हिमोग्लोबिन ७च्या खाली जाईपर्यंत थांबलेलं चालतं. हृदयविकारात मात्र हिशेब वेगळा.

‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत’ ही भीती मी समजू शकतो. पण चाचणी न करता वापरलेला उपचार हाही प्रयोगच असतो, फक्त त्यातून कुणी काही शिकत नाही. २०२०मध्ये कोविडमधून बरे झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी माणसं रात्री-अपरात्री दाते शोधत फिरली. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तो तपासला. आजार बळावणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८. मे २०२१मध्ये तो सरकारी मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. उलट डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आणले, हे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनेच दाखवलं.

रुग्ण बेशुद्ध असेल तर चाचणीसाठीची संमती कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे सहसा जवळचा नातेवाईक देतो. त्याआधी आचारसमितीची मंजुरी लागते. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या यादीत कुणालाही पाहता येते. सही करण्याआधी दुसऱ्या गटाला कोणता उपचार मिळणार, हे विचारा. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.