चोवीस तास चालणारी हार्ड डिस्क कशी निवडावी?

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कार्यालयातील हार्ड डिस्क अचानक बंद पडली. गणेशोत्सव व स्नेहसंमेलनांची जुनी छायाचित्रे तिच्यात होती. काही पालकांकडे सीडी होत्या, म्हणून निम्मी परत मिळाली, बाकीची गेली. चूक आमचीच. साधी डिस्क आम्ही रात्रंदिवस चालू ठेवली आणि दुसरी प्रत केली नाही. आता पुष्कळ घरांतही फोटो व कॅमेऱ्याचे चित्रण साठवण्यासाठी डिस्क अखंड चालते, म्हणून हे चार शब्द.

हार्ड डिस्कमधील चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. साधी डेस्कटॉप डिस्क बहुधा वर्षाला ५५ टेराबाइट लिहिण्या-वाचण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस यांसारख्या अखंड वापराच्या डिस्कसाठी हाच आकडा १८० असून हमी ३ वर्षांची असते. केवळ कॅमेऱ्यांसाठी स्कायहॉक किंवा पर्पल घ्यावी.

घेताना 'सीएमआर' आहे ना, हे अवश्य विचारावे. 'एसएमआर' डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात; एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि काम मंदावते. डब्ल्यूडीच्या काही रेड डिस्क अशा असल्याचे २०२० साली उघड झाले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' हे वेगळे नाव दिले.

विद्यार्थी मित्रांनो, एक गणित करू या. डब्यावर '१० लाख तास' लिहिलेले असते. म्हणजे डिस्क ११४ वर्षे टिकेल का? नाही. वर्षाचे तास ८७६०. अशा १००० डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण ९ बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. त्या नवांत आपली नसेल, हे कोण सांगणार?

गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यावर ती डिस्क ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यात दिसले. म्हणून डिस्कची 'स्मार्ट' तपासणी दर महिन्याला करावी आणि चूक दिसताच नवी आणावी. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस लावावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तमातली उत्तम डिस्कही एकटी पुरत नाही. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर व शक्य तर वेगळ्या घरी ठेवावी. आम्ही हे उशिरा शिकलो. ज्या पालकांकडे शाळेचे जुने फोटो असतील त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावेत, ही विनंती. या वेळी दोन प्रती ठेवू.