पाच पावलं

ओहोटीला काशीदची पुळण रुंद होते आणि सुरूच्या बनासमोरच्या ओल्या, दडस वाळूवर पोरांचा फुटबॉल रंगतो. मी थांबले ती एका फ्री किकमुळे. चेंडू घेऊन निघालेल्या मुलाला कुणीतरी मागून पाय घालून पाडलं, ‘फाऊल!’ असा ओरडा झाला, आणि पुढे भांडण झालंच नाही. सगळे मुकाट मागे हटले.

पडलेला मुलगा दिवसभर पर्यटकांना बनाना बोटीवर चढवतो-उतरवतो. गुडघ्याची वाळूही न झटकता त्याने टाचेने लहानसा ढीग ओढला, त्यावर चेंडू बसवला. ‘पाच पावलं,’ एवढंच म्हणाला. एकजण तरीही आडवा उभा राहायला आला, तेव्हा त्याच्याच गोलरक्षकाने दटावलं, ‘मधे नको रे!’

ही पाच पावलं पोरांनी मनाने काढलेली नाहीत. बीच सॉकरमध्ये फ्री किकच्या वेळी विरोधकांनी ५ मीटर लांब राहायचं असतं आणि खेळाडूंची भिंत करायला मनाई असते. गवतावर अंतर ९.१५ मीटर, पण तिथे भिंत चालते. १९९७ मध्ये ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने फ्रान्सच्या भिंतीला बाहेरून वळसा घालून केलेला गोल अचाटच होता. तरी ज्याला पाडलं त्याच्याच वाटेत माणसं उभी करायची, ही भरपाई मला अर्धीमुर्धी वाटते. वाळूवर ती पुरी मिळते.

मात्र ती सोपी नसते. पाय अनवाणी, धाव घ्यायला जमीन मैदानाइतकी घट्ट नाही. पाय जरा खाली गेला तर चेंडू आभाळात, जरा वर लागला तर वाळूत घासत मंदावतो. त्या मुलाने तीन पावलं मागे घेऊन चवड्यावरच्या हाडाने तडाखा दिला. चेंडू गोलच्या उजव्या काठीला लागून बाहेर गेला.

ढीग एवढासाच का, मी नंतर विचारलं.

‘मोठा केला की चेंडू वर उडतो, ताई. आणि घाई नाय करायची. पाच पावलं आपली असतात.’

पुढच्या खेळात तो बचावाला होता. त्याच्याच धक्क्याने एक लहानगा पडला. त्याला हात देऊन उठवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तो स्वतःच मोजत मागे सरला, पुरती पाच पावलं.