आईचा चेहरा दिसला आणि भीती पळाली

समजा, संध्याकाळी गोसीखुर्द धरणाच्या पाळीवर तुमची गँग बसलीय. समोर वैनगंगेचं अडवलेलं पाणी, पलीकडे ते ३३ दरवाजे, अंधार पडत चाललेला. एकजण आवाज खाली आणून म्हणतो, ‘पाण्याखाली गेलेल्या गावात अमावस्येला दिवा दिसतो म्हणे!’ आला ना अंगावर काटा? तेवढ्यात दुसरा म्हणतो, ‘काही नाही रे, डोंग्यातल्या माणसाची बॅटरी होती. सेल कुठून घेतले तेही सांगू?’ संपली गोष्ट.

‘सायको ४ : द बिगिनिंग’ हा सिनेमा म्हणजे नेमका हा दुसरा मित्र.

आधी मूळ ‘सायको’बद्दल. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉकने बनवलेला हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. हायवेपासून बाजूला पडलेलं मोटेल, मागे टेकाडावर जुनं घर, खिडकीत म्हातारीची सावली आणि मोटेल सांभाळणारा लाजराबुजरा नॉर्मन बेट्स. त्याच्या आईचा फक्त आवाज येतो. शेवटी कळतं (साठ वर्षांहून जुना सिनेमा आहे, स्पॉयलरची तक्रार नको!) की आई कधीचीच मेलीय. तिचं प्रेत नॉर्मनने जपून ठेवलंय. तिच्या आवाजात बोलणाराही तोच आणि तिचे कपडे घालून खून करणाराही तोच. सिनेमाच्या शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो. रॉजर इबर्टसारख्या समीक्षकानेही नाक मुरडलं, ते याच भाषणावर.

दुसरा भाग १९८३ मध्ये आणि तिसरा १९८६ मध्ये थिएटरात आला. चौथा मात्र नोव्हेंबर १९९० मध्ये थेट अमेरिकेतल्या ‘शोटाइम’ या केबल चॅनलवर. कागदावर टीम एक नंबर होती. नॉर्मनच्या भूमिकेत पुन्हा अँथनी पर्किन्स, लेखक मूळ ‘सायको’चाच जोसेफ स्टेफानो, दिग्दर्शक मिक गॅरिस. तरुण नॉर्मन झालाय ‘ई.टी.’मधला तो छोटा मुलगा, हेन्री थॉमस. आणि आई? १९६८ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची ज्युलिएट, ऑलिव्हिया हसी.

मग बिघडलं कुठे?

सुरुवात तर झकास आहे. आईला मारणाऱ्या मुलांवर रेडिओवर चर्चा चाललीय आणि सुटून आलेला, आता लग्न झालेला नॉर्मन खोटं नाव सांगून फोन लावतो. बायको गरोदर आहे. आपलं वेड बाळात उतरेल, या भीतीने तो पोखरलाय. फक्त आवाज, फोन आणि अंधार. तोवर सिनेमा पकड घेतो. पण लगेच फ्लॅशबॅक सुरू होतात. आई लाड करते, मग मारते, बायकी कपडे घालायला लावते, कपाटात कोंडते. पाच मार्कांच्या प्रश्नाला मुद्दे लिहावेत तशी एकेक कारणं हजर! मूळ सिनेमातलं ते काही मिनिटांचं भाषण इथे दीड तास चालतं.

मला खटकलं ते आणखी वेगळंच. मूळ ‘सायको’त आई आपल्याला भेटते ती खुन्याच्या तोंडून. ती खरंच तशी होती का, हे कधीच कळत नाही आणि खरी भीती त्या शंकेतच आहे. प्रीक्वेलने खुन्याची साक्षच खरी धरली आणि चित्रं काढून दाखवली. खून झाला आईचा, आरोपीही आईच. तिची बाजू मांडायला कुणी नाही.

‘टीव्हीवर असंच होणार,’ असं म्हणू नका. २०१३ ते २०१७ मध्ये ‘बेट्स मोटेल’ ही मालिका टीव्हीवरच आली आणि पाच सीझन चालली. त्यात व्हेरा फार्मिगाने केलेल्या आईला स्वतःचा राग आहे, दुःख आहे, विनोदही आहे.

आणि आपल्याकडे? झी मराठीवर २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ च्या दुसऱ्या भागात गोष्ट मागे गेली आणि अण्णा जिवंत भेटले. म्हणजे घरोघरी पाहिलेला अस्सल प्रीक्वेलच! माधव अभ्यंकरांचा अण्णा ‘असा का झाला’ याची यादी मालिकेने दिली नाही. त्याची हाव, त्याची नजर, त्याची दहशत रोज थोडी थोडी दाखवली. शेजारी सगळं बघून गप्प राहणारी माई. सोकावलेल्या माणसापुढे घर कसं मुकं होतं, ते बघताना भुताची गरजच पडत नव्हती.

गंमत म्हणजे तरीही घोळ झालाच. अण्णा-शेवंताचे मीम फिरले आणि आपण पोरापोरींनीच अण्णाची स्टाइल केली. माईचं मीम किती जणांनी फॉरवर्ड केलं?

तर मित्रांनो, ‘सायको ४’ बघायचाच असेल तर आधी १९६० चा बघा, मग याचे फोनवरचे सीन. आणि गॅदरिंगसाठी व्हिलनच्या भूतकाळावर एकांकिका किंवा शॉर्ट फिल्म लिहीत असाल, तर त्याचं बालपण रंगवण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा : ही गोष्ट सांगतंय कोण, आणि यात बोलायची संधी कुणाला मिळालेलीच नाही?