बोअरचं पाणी, निळा पूल आणि डागांची गंमत

बारामती-इंदापूरकडे फार्महाऊसवर बोअरच्या पाण्यानं स्विमिंग पूल भरला, की काठाच्या टाइल्सवर हळूहळू पांढरी किनार धरते. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ती लगेच ओळखू येईल. ड्रिपर चोंदवणारा क्षार तोच : कॅल्शियम कार्बोनेट. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार मात्र पाणी तापलं की बाहेर पडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये किनार जाड होते.

त्यात ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे ठेवतं. नीरा डाव्या कालव्यालगतच्या जमिनी पाणी साचून खारपड झाल्या, त्यामागेही हाच हिशेब आहे. पूलमध्ये कॅल्शियमची कठीणता लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास हवी. ती फार वाढली तर खात्रीचा उपाय एकच, थोडं पाणी काढून त्या जागी मऊ पाणी भरणं. कालव्याचं पाणी उसाच्या आणि पिण्याच्या हक्काचं. त्याकडे बघूच नये. छतावरचं पावसाचं पाणी साठवा. या पर्जन्यछायेच्या मुलखात सप्टेंबरचा पाऊसच मोठा, तेव्हा टाकी त्याआधी धुऊन ठेवलेली बरी.

क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीच्या विहिरीत पडते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पूलमध्येही चालते, पण तिच्यातही कॅल्शियम असतं! जड पाण्यात प्रत्येक मात्रेबरोबर कठीणता थोडी वाढते. इथे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट जास्त शहाणपणाचं.

आता सामू, म्हणजे पीएच. तो ७.५ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी जवळपास निम्मा जंतू मारायला तयार असतो. सामू ८ झाला की जेमतेम चौथा हिस्सा. नव्या सिमेंटच्या पूलमध्ये प्लास्टरमधला चुना सुरुवातीचे काही महिने सामू चढवत राहतो, म्हणून तेव्हा वरचेवर मोजावं लागतं.

बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ येतं, क्लोरीन टाकताच चहासारखं तपकिरी होतं? घाबरू नका. विरघळलेलं लोह गंजून दिसू लागलं, इतकंच. तळाच्या डागाची परीक्षा तर फारच सुंदर आहे : साध्या क जीवनसत्त्वाची गोळी डागावर धरून चोळा. फिका पडला तर डाग लोहाचा. नाही पडला आणि क्लोरीननं उडाला, तर तो पाल्यापाचोळ्याचा.

हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. ऊन, खताचे अंश आणि कमी क्लोरीन मिळालं की ते फोफावतं. याच इंदापूर तालुक्यात, भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग शैवाल आणि ते खाणाऱ्या इवल्या जिवांतूनच येतो. पूलमध्ये मात्र शेवाळ नको. बोर्डोसाठी घरात मोरचूद असतं आणि हात तिकडे जातो; मोरचुदानं शेवाळ मरतंही, पण मात्रा जास्त झाली तर तांबं प्लास्टरवर निळसर-हिरवे डाग पाडतं आणि आजोबांच्या पांढऱ्या केसांवर हिरवट झाक चढवतं. आधी सामू उतरवा, मग क्लोरीन वाढवा, भिंती ब्रशनं घासा आणि फिल्टर सतत चालू ठेवा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तर डायव्हिंगचा पूलच हिरवा झाला. आयोजकांनी सांगितलेलं कारण असं : कुणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं क्लोरीन निकामी केला.

पूलला ‘क्लोरीनचा’ उग्र वास येतो तेव्हा बहुधा मोकळा क्लोरीन कमीच असतो. वास असतो क्लोरॅमाइन्सचा, म्हणजे घाम आणि लघवीशी जुळलेल्या क्लोरीनचा. डोळे लाल होतात तेही बऱ्याचदा यांच्यामुळेच. पोरांना उतरण्याआधी अंघोळ घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

टाइल्सची पांढरी किनार, ठिबकप्रमाणेच, पातळ ॲसिडनं निघते. हातमोजे आणि चष्मा घाला, ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि ॲसिडची बादली टीसीएलच्या आसपाससुद्धा ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.